बदलीवरचा गडी

'बेंच' हा शब्द ऐकला की तुमच्या पोटात गोळा येतो का? येत असेल तर तुम्ही नक्की आयटीत आहात. प्रोजेक्ट संपलं, नवीन मिळालेलं नाही, पगार चालू आहे, एसी मस्त आहे, कॅन्टीनचा चहा फुकट आहे आणि तरी रात्री झोप लागत नाही. पहिला आठवडा मजेत जातो. राहिलेले सिनेमे बघून होतात, जिमचे पैसे एकदाचे वसूल होतात. दुसऱ्या आठवड्यात एचआरच्या मेलमधलं 'डियर ऑल' आपल्यालाच उद्देशून लिहिलंय असं वाटायला लागतं. तिसऱ्या आठवड्यात माणूस उगाच एक्सेल उघडून कपाळाला आठ्या घालून बसतो. कुणी बघत असेल तर म्हणून.

आता कल्पना करा, की हेच बसणं तुम्हाला दर आठवड्याला टीव्हीवर, क्लबचं जॅकेट घालून, लाखो लोकांसमोर करायचंय. फुटबॉलच्या मोठ्या क्लबात पंचवीसेक खेळाडू असतात आणि मैदानात जातात अकरा. उरलेल्यांचं काय करायचं, हा म्हटलं तर मॅनेजमेंटचा प्रश्न आहे आणि म्हटलं तर माणसाच्या मनाचा. आजचा विषय तोच. 'स्क्वॉड डेप्थ' आणि 'रोटेशन' हे दोन शब्द कॉमेंटेटर मंडळी मीठ-मिरचीसारखे वापरतात, म्हणून म्हटलं, जरा आत डोकावून बघू.

आपली पंचाईत अशी, की आपण क्रिकेटवर वाढलो. क्रिकेटमधला बारावा गडी म्हणजे पाण्याच्या बाटल्या आणि कोरडे ग्लोव्हज पोचवणारा सज्जन मुलगा. तो फील्डिंग करू शकतो, बॅटिंग-बोलिंग नाही. २०१९ मध्ये डोक्याला मार लागलेल्या खेळाडूच्या जागी दुसरा खेळवायची मुभा आली आणि २०२३ पासून आयपीएलने 'इम्पॅक्ट प्लेअर' आणला, तेव्हा कुठे बाराव्याला जरा भाव आला. त्याआधी आपल्या लेखी तो बिचारा कच्चा लिंबूच. फुटबॉलमध्येही सुरुवातीला वेगळं नव्हतं म्हणा. वर्ल्ड कपमध्ये बदली खेळाडू पहिल्यांदा उतरला तो १९७० ला, मेक्सिकोत. आधी दोन बदल चालायचे, मग तीन झाले. २०२० मध्ये कोविडमुळे तात्पुरते म्हणून पाच केले आणि २०२२ मध्ये ते कायमचे नियमात गेले. पाच म्हणजे गोलकीपर सोडला तर निम्मा संघ! एवढे बदल करता येत असतील तर मग बाकावर कोण बसलंय, यावर सामना फिरणारच.

आणि बदल हौसेने करत नाहीत. मधल्या फळीतला खेळाडू एका सामन्यात दहा ते बारा किलोमीटर पळतो. तेही आपल्यासारखं कानात गाणी लावून एका लयीत नव्हे. धाव, थांब, वळ, धडक, पुन्हा धाव. स्नायूंमधलं इंधन पुन्हा पूर्ण भरायला दोन-तीन दिवस लागतात. तीन दिवसांत दुसरा सामना आला तर टाकी अर्धीच भरलेली असते. मग मांडीचा स्नायू ओढला जातो आणि पठ्ठ्या दीड महिना घरी. थोडक्यात, रोटेशन हा लाड नाही, सर्व्हिसिंग आहे.

इथवरचा फंडा सोपा आहे. घोळ पुढे आहे, आणि तो समजून घ्यायला इंग्लंडला जायची गरज नाही. आपल्या मुंबई सिटी एफसीचा २०२०-२१ चा मोसम बघा.

कोविडमुळे त्या वर्षीची सगळी इंडियन सुपर लीग गोव्यात, बायो-बबलमध्ये खेळली गेली. नोव्हेंबर ते मार्च. हॉटेल, बस, रिकामं स्टेडियम, पुन्हा हॉटेल. ना प्रेक्षक, ना घर. मुंबईने लीगचे वीस आणि नंतरचे तीन असे तेवीस सामने चार महिन्यांच्या आत खेळले. कोच होते स्पेनचे सर्जिओ लोबेरा. संघात सात परदेशी खेळाडू घेता येत होते, पण मैदानात एका वेळी पाचच. आता मुंबईकडे मुर्तदा फॉल, हर्नान सांताना, अहमद जाहू आणि ह्युगो बुमू हे चौघं जवळपास ठरलेले. उरली एक जागा. आणि त्या एका जागेसाठी स्ट्रायकर दोन!

एक बार्थोलोम्यू ओगबेचे. नायजेरियाचा, वय ३६, सतराव्या वर्षी २००२ चा वर्ल्ड कप खेळलेला, आदल्याच मोसमात केरळ ब्लास्टर्ससाठी १५ गोल केलेला. दुसरा इंग्लंडचा अ‍ॅडम ल फाँड्र, सिडनीहून लोनवर आलेला. या ल फाँड्रचा बायोडेटा आपल्या विषयासाठी फर्मास आहे. रेडिंग क्लबकडून प्रीमियर लीग खेळताना त्याची ख्यातीच 'उशिरा येऊन गोल करणारा' अशी होती. ३० जानेवारी २०१३ ला चेल्सीविरुद्ध रेडिंग ०-२ ने मागे असताना हा बाकावरून उठून आला आणि शेवटच्या काही मिनिटांत दोन गोल करून सामना बरोबरीत सोडवला. त्या महिन्याचा लीगमधला सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. बाकावरून येऊन! अप्रेझलमध्ये असं रेटिंग कुणाला मिळालंय का कधी?

लोबेराने दोघांना आलटून पालटून वापरलं. ल फाँड्रचे ११ गोल झाले, ओगबेचेचे ८. एकाच जागेतून मिळून १९. कागदावर याहून सुंदर रोटेशन सापडणार नाही. लीगच्या शेवटच्या सामन्यात, २८ फेब्रुवारी २०२१ ला, अव्वल स्थानासाठी एटीके मोहन बागानला हरवणं भाग होतं. मुंबई २-० ने जिंकली. एक गोल फॉलचा, एक ओगबेचेचा. दोघांचेही ४० गुण झाले आणि आपसातल्या लढतींच्या जोरावर शील्ड मुंबईकडे आली.

पण मला त्या मोसमातला सर्वांत धाडसी निर्णय वाटतो तो त्यानंतर आठ दिवसांनी झालेला. उपांत्य फेरी, समोर एफसी गोवा. पहिला सामना २-२, दुसरा ०-०, जादा वेळही कोरडा. आता पेनल्टी शूटआउट. आणि जादा वेळ संपता संपता लोबेराने आपला गोलकीपर अमरिंदर सिंग याला बाहेर बोलावलं. अमरिंदर नुसता गोलकीपर नव्हता, तो कॅप्टन होता. त्याच्या जागी कोण? सिक्कीमचा २३ वर्षांचा फुर्बा लाचेनपा, ज्याचा मोसम बाकावरच गेला होता. गंमत म्हणजे समोर गोव्यानेही तेच केलं. धीरज सिंगला काढून नवीन कुमारला आणलं. म्हणजे फायनलचा फैसला करायला दोन्ही बाजूंनी बदलीवरचे गडी! मुंबई ६-५ ने जिंकली.

विचार करा, त्या पोराने चार महिने काय केलं असेल. रोज सराव, रोज डाइव्ह, रोज तेच हॉटेल आणि खेळायला शून्य मिनिटं. तरीही ज्या संध्याकाळी बोलावणं आलं त्या संध्याकाळी तो तयार होता. अशा तयारीला मी डेप्थ म्हणतो. पंचवीस नावांची यादी पैसे असले की कुणालाही करता येते.

फायनल होती १३ मार्च २०२१ ला, फातोर्ड्यात, पुन्हा मोहन बागानशी. मी ती बघितली कुंभारीत. वर्क फ्रॉम होमच्या कृपेने त्या वर्षी आपल्यापैकी निम्मे जण गावाकडेच होते. आमची कुंभारी सोलापूरहून अक्कलकोटकडे जाताना लागते. विडी कामगार बायकांच्या दहा हजार घरांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीमुळे नाव ऐकलं असेल तर असेल. कोल्हापूरसारखं पेठापेठांत फुटबॉलचं वेड आमच्याकडे नाही. त्यामुळे मोबाइल तांब्याला टेकवून मॅच बघणारा मी आणि शेजारी खाटेवर आमचे मामा, एवढेच प्रेक्षक. मामा कुणाचीही मॅच बघतात. दुपारी झोप झालेली असली की झालं.

पूर्वार्धात डेव्हिड विल्यम्सने बागानला पुढे नेलं, मग तिरीच्या स्वयंगोलने मुंबईची बरोबरी झाली. मध्यंतर व्हायच्या बेतात असताना मुंबईचा राइट बॅक अमेय रानवडे, आपला मुंबईचाच पोरगा, शुभाशिष बोसशी धडकला आणि बेशुद्ध होऊन कोसळला. मैदानात अँब्युलन्स आली. रिकाम्या स्टेडियममध्ये ती शांतता फार भयानक वाटत होती. अमेयला हॉस्पिटलात नेलं, धोका टळल्याचं नंतर कळलं. त्याच्या जागी मोहम्मद रकीप आला. अकरा जणांचा हिशेब पूर्ण झाला, खेळ सुरू झाला.

उत्तरार्धात ल फाँड्रला काढून ओगबेचेला आणलं तेव्हा मामा उठून बसले. 'बरा खेळलालता की बे हा. कशाला काढलालेत?'

मी म्हटलं, 'मामा, तो दमला. हा बदली खेळाडू.'

'बदली' म्हटल्यावर मामा हसले. त्यांच्या तोंडी तो शब्द फुटबॉलचा नाही, गिरणीचा आहे. ऐन उमेदीची वर्षं मामा सोलापुरातल्या एका कापड गिरणीत बदली कामगार होते. तुमच्यापैकी ज्यांचे आजोबा सोलापुरात किंवा गिरणगावात होते त्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. गिरणीत कायम कामगारांच्या जोडीला बदलीवाल्यांची यादी असायची. पाळीच्या वेळी त्यांनी गेटवर येऊन थांबायचं. कुणी कायम माणूस आला नाही तर त्याच्या जागी काम आणि त्या दिवसाची मजुरी. सगळे आले तर सायकल उलटी वळवायची आणि घरी. मामा भोंग्याच्या आधी दहा-बारा किलोमीटर सायकल मारत गेटवर पोचायचे. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या दिवसांत, लग्नसराईत बदलीवाल्यांची चांदी. एरवी जॉबरच्या तोंडाकडे बघत उभं राहायचं. यादीतला कुठला बदली आत घ्यायचा, हे त्याच्या मर्जीवर. आणि काम मिळालं तरी रोज वेगळा माग. आज चांगला, उद्या सतत धागा तुटणारा. जेवढं कापड निघेल तेवढीच मजुरी. १९८२ च्या मुंबईतल्या गिरणी संपात बदली कामगारांना कायम करा, ही एक मागणी होती, ती उगाच नव्हती.

मामा म्हणाले, 'काम न्हाई मिळालं तर एवढं वाटायचं न्हाई बे. उद्या मिळंल का, ते कोण सांगायचं न्हाई. त्याचं वाटायचं.'

नव्वदाव्या मिनिटाला पुढे आलेला लांब चेंडू अडवायला बागानचा गोलकीपर अरिंदम गोल सोडून धावला आणि फसला. चेंडू ओगबेचेकडे. त्याने स्वतः घाई केली नाही, शेजारी बिपिन सिंगकडे सरकवला. गोल. २-१. मुंबई पहिल्यांदा चॅम्पियन. 'आला का न्हाई कामाला?' मामांनी विजय स्वतःच्या खात्यावर जमा केला आणि चहा टाकायला सांगितला.

इथवर गोष्ट गोड आहे. पण रोटेशनचं बिल कुणीतरी भरतच असतं. बदली म्हणून येऊन फायनल फिरवणाऱ्या ओगबेचेला पुढच्या मोसमात मुंबईत राहायचं नव्हतं की ठेवायचं नव्हतं, ते जाऊ द्या. तो हैदराबादला गेला. तिथं जागा वाटून घ्यायची नव्हती, समोरची पहिली जागा त्याचीच. त्याने १८ गोल ठोकले, गोल्डन बूट घेतला, लीगच्या इतिहासातला सर्वाधिक गोल करणारा झाला आणि मार्च २०२२ मध्ये हैदराबाद चॅम्पियन झालं. ८ गोल आणि १८ गोल यांच्यातल्या फरकातला काही भाग तरी मुंबईच्या रोटेशनचा होता, असं मला वाटतं. क्लबला ट्रॉफी मिळाली, माणसाचे गोल गेले. ल फाँड्रही गेला. कॅप्टन अमरिंदरसुद्धा त्याच उन्हाळ्यात गेला, आणि तोही मोहन बागानकडे! लाचेनपा मात्र थांबला. पुढे तोच पहिल्या पसंतीचा गोलकीपर झाला आणि २०२३-२४ मध्ये गोल्डन ग्लव्ह त्याला मिळाला. एकाच बाकाच्या दोन टोकांना किती वेगळं नशीब असतं बघा.

बाहेरच्या जगात या धंद्यातला गुरू म्हणजे सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन. १९९८-९९ ला मँचेस्टर युनायटेडकडे चार स्ट्रायकर होते. यॉर्क आणि कोल पहिली जोडी, शेरिंगहॅम आणि सोल्शायर थांबलेले. सोल्शायर बाकावर बसून समोरच्या डिफेंडरांचा अभ्यास करायचा. कोण कुठे वळतो, कोण दमलाय. फेब्रुवारीत नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध शेवटच्या अठरा-वीस मिनिटांसाठी उतरला आणि चार गोल करून गेला. मेमध्ये बार्सिलोनात चॅम्पियन्स लीगची फायनल, समोर बायर्न. कीन आणि स्कोल्स निलंबित. नव्वद मिनिटं झाली तरी ०-१. मग भरपाईच्या वेळेत आधी शेरिंगहॅम, मग सोल्शायर. दोघेही बदली!

उलट टोकाला क्लॉडिओ रॅनिएरी. चेल्सीत असताना ते संघात इतके बदल करायचे की इंग्लिश पेपरांनी त्यांना सतत खुडबुड करणारा माणूस म्हणून टोपणनाव दिलं. लिव्हरपूलचे बेनिटेझ तर त्यांच्या वरताण. २००६ पर्यंत सलग ९९ सामन्यांत त्यांनी एकदाही आदल्या सामन्याचाच संघ उतरवला नव्हता. आणि गंमत बघा, हेच रॅनिएरी २०१५-१६ ला लेस्टर सिटीला घेऊन प्रीमियर लीग जिंकले, ते लीगमध्ये सर्वांत कमी बदल करून! झोपेतून उठवलं तरी लेस्टरच्या चाहत्याला अकरा नावं पाठ. आता याला बदल नकोच असा पुरावा म्हणून नाचवू नका. लेस्टरला त्या वर्षी युरोपात खेळायचं नव्हतं आणि कप स्पर्धांतून ते लवकर बाहेर पडले होते. आठवड्याला एक सामना असेल तर बदली कशाला लागतोय?

पेप गार्डिओला तर मोठ्या संघाच्या नावानेच वैतागतात. मे २०२५ मध्ये त्यांनी मँचेस्टर सिटीला जाहीर इशारा दिला होता, की संघ आटोपशीर करा, नाहीतर मी चाललो. पाच-सहा खेळाडूंना दर सामन्याला स्टँडमध्ये बसवणं म्हणजे त्यांना फ्रीझरमध्ये ठेवणं, असं त्यांचं म्हणणं. ज्या माणसाला जगातला कुठलाही खेळाडू विकत घेता येतो तो म्हणतोय, कमी द्या. कारण खेळायला न मिळालेल्या माणसाच्या डोळ्याला डोळा त्यालाच भिडवायचा असतो, मालकाला नाही. आमच्या ऑफिसात बेंचवरच्यांशी बोलायचं काम एका ऑटो-मेलकडे आहे. तो सोमवारी सकाळी येतो.

डेप्थची खरी परीक्षा वरच्या इयत्तेत होते, हेही मुंबईनेच दाखवलं. एप्रिल २०२२ मध्ये रियाधला मुंबई सिटीने इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ ने हरवलं. एएफसी चॅम्पियन्स लीगचा सामना जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब. २०२२-२३ ला डेस बकिंगहॅम यांच्या हाताखाली लीगमध्ये सलग १८ सामने अपराजित राहून शील्ड घेतली. छांगटे, बिपिन, विक्रम प्रताप असे एकाला झाकावा नि दुसऱ्याला काढावा असे विंगर. सॉलिड संघ! मग २०२३ ला पुन्हा आशियात गेले. पुण्याच्या बालेवाडीत घरचे सामने. गटात सौदीचा अल हिलाल, नेव्हिश, कुलिबाली, मित्रोविच असली मंडळी घेऊन. मुंबई सहाच्या सहा सामने हरली. भारतात जो बाक खोल वाटत होता तो तिथे गुडघाभरही नव्हता. त्यातच नोव्हेंबरमध्ये बकिंगहॅम इंग्लंडला निघून गेले, पीटर क्रात्की आले. तरी याच दमलेल्या संघाने ४ मे २०२४ ला कोलकात्यात मोहन बागानला ३-१ ने हरवून पुन्हा कप जिंकला. दुसरा गोल बिपिनचा. तिसरा, भरपाईच्या वेळेतला, बदली आलेल्या याकुब व्होयटुसचा.

२०२५ मध्ये मात्र कोण पहिल्या अकरात आणि कोण बाकावर हा प्रश्नच मागे पडला. लीगच्या व्यावसायिक कराराचं घोडं अडलं आणि नवा मोसम वेळेवर सुरूच झाला नाही. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने पहिल्या संघाचे खेळाडू आणि स्टाफ यांचे पगार बेमुदत थांबवले. स्टार असो की तिसरा गोलकीपर, सगळेच गेटबाहेर. डिसेंबरमध्ये मुंबई सिटीत २०१९ पासून मोठा हिस्सा असलेला सिटी फुटबॉल ग्रुप बाहेर पडला. २०२६ च्या फेब्रुवारीत एकाच फेरीचा छोटा मोसम सुरू झाला. घर-बाहेर असे दोनदा भिडायचं सोडून प्रत्येकाशी एकच सामना. सामने कमी म्हणजे दमणूक कमी, दमणूक कमी म्हणजे बदल कमी. कोचसाठी सोयीचं. पण बाकावरच्या एखाद्या विशीतल्या लाचेनपाला चुकून मिळणारी संध्याकाळही त्यात कमी होते. बिपिन तोवर ईस्ट बंगालला गेला होता.

मामांना मी हे फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, 'गेट उघडलं का पण?' उघडलं म्हटलं.

या वीकएंडला मॅच लावाल तेव्हा एक करा. सुरुवातीच्या अकरांची नावं सगळेच वाचतात, तुम्ही खालची वाचा. आणि साधारण साठाव्या मिनिटाला कॅमेरा साइडलाइनकडे वळतो तेव्हा चहा करायला उठू नका. तीन-चार जण तिथं पळत वॉर्मअप करत असतात, आणि कोचचा असिस्टंट त्यातल्या एकाला हात करतो. कोण जॅकेट काढतंय ते बघा, आणि बाकीचे दोघं-तिघं त्या वेळी कुठे बघतात तेही.